व्यवसाय शिक्षकांचा सहयोगी व्यावसायिक विकास : संकल्पना आणि व्यवहार यांची चिकित्सा

प्रास्ताविक

'व्यवसाय शिक्षकांचा व्यावसायिक विकास' असे मराठीत लिहू लागताच एक अडचण उभी राहते. यातील पहिला व्यवसाय हा शिकविण्याचा विषय होय : जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, शिवणकाम इत्यादी. दुसरा व्यवसाय म्हणजे अध्यापन. इंग्रजीत या दोहोंसाठी स्वतंत्र शब्द असल्यामुळे ही अडचण झाकली जाते. मराठीत ती उघडी पडते, आणि उघडी पडते हे एका अर्थी बरेच आहे. कारण प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील जोडारीचा शिल्पनिदेशक हा जोडारी आहे की शिक्षक? त्याचा विकास घडवावयाचा तो दोहोंपैकी कोणत्या व्यवसायात? आणि हा विकास 'सहयोगी' असावा असे म्हटले जाते, तेव्हा त्याचा सहयोगी कोण : कारखान्यातील कारागीर, शेजारच्या विभागातील निदेशक, की जिल्ह्यातील दुसऱ्या संस्थेत हाच व्यवसाय शिकविणारा त्याचा समव्यावसायिक?

गेल्या काही वर्षांत शिक्षक-शिक्षणाच्या क्षेत्रात 'सहयोग' हा शब्द विलक्षण प्रतिष्ठित झाला आहे. योजना, अहवाल, चर्चासत्रांची निमंत्रणे यांत तो हमखास आढळतो. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्यवसाय शिक्षणाच्या संदर्भात, आणि मुख्यतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या संदर्भात, चिकित्सा करावयाची आहे. व्यवसाय शिक्षकांत सहयोगाची वृत्ती नाही, सबब ती प्रशिक्षणाने निर्माण करावी, हे गृहीतक प्रस्तुत लेखकास मान्य नाही. सहयोग त्यांच्यात आहे. तो ज्या वेळी, ज्या जागी आणि ज्या वस्तूभोवती घडतो, त्या वेळेची, जागेची आणि वस्तूची नोंद घेण्याची आपल्या व्यवस्थेची तयारी नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

एकदाच घडविलेला निदेशक

स्वातंत्र्योत्तर काळातील व्यवसाय प्रशिक्षणाची उभारणी पाहिली असता निदेशकाविषयीची मूळ कल्पना स्पष्ट होते. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. निदेशकांना घडविणारी पहिली संस्था त्याही आधी, १९४८ मध्ये स्थापन झाली होती. पुढे १९६०च्या दशकात लुधियाना, कानपूर, हावडा, मुंबई, चेन्नई आणि हैदराबाद येथे निदेशकांसाठी केंद्रीय प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. कारागीर घडवावयाचे तर प्रथम त्यांचे गुरू घडविले पाहिजेत, ही दृष्टी त्या काळातील नियोजनकर्त्यांना होती, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तथापि या रचनेत निदेशक हा 'एकदाच घडविला जाणारा' होता. निदेशकाने आपली संस्था सोडून वर्षभर केंद्रीय संस्थेत जावे, अध्यापनाची तत्त्वे शिकावी, प्रमाणपत्र घेऊन परत यावे. त्यानंतर निवृत्तीपर्यंत अधूनमधून उजळणी वर्ग. ही वर्षभराची संधीही सर्व निदेशकांच्या वाट्याला वेळेवर आली नाही, हे या क्षेत्राशी परिचित असणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

या वर्षभरात निदेशक काय शिकतो? पाठाच्या चार पायऱ्या : तयारी, सादरीकरण, उपयोजन आणि चाचणी. ही पद्धती मुळात कारखान्यातील शिकवणीसाठी अमेरिकेत चार्ल्स ॲलन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडली आणि दुसऱ्या महायुद्धात ती तेथील उद्योगांत सर्वत्र पसरली. पद्धती चोख आहे. परंतु तिच्यात एक निदेशक, एक प्रशिक्षणार्थी आणि एक काम एवढीच माणसे व वस्तू आहेत. दुसऱ्या निदेशकाला तिच्यात जागा नाही. पाठ टाचण एकट्याने लिहावे, निदर्शन एकट्याने करावे, दैनंदिनी एकट्याने भरावी आणि तपासणीस अधिकारी आल्यावर ती दाखवावी. लिखाणाचा वाचक एकच आणि तोही वरिष्ठ. आपण महाविद्यालयीन प्राध्यापक उद्बोधन व उजळणी वर्गांना सरावलेलो असल्यामुळे ही रचना आपणास परकी वाटू नये.

शिंप्यांच्या दुकानातून निघालेला सिद्धान्त

शिक्षकांच्या एकाकीपणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते डॅन लॉर्टी यांच्या १९७५ च्या शालेय शिक्षकांवरील ग्रंथाने. त्यानंतर जपानमधील 'पाठ-अध्ययन', म्हणजे शिक्षकांनी मिळून पाठ रचणे, एकाने तो घेणे, इतरांनी निरीक्षण करणे आणि पुन्हा मिळून तो दुरुस्त करणे, ही रीत १९९९ मधील स्टिगलर व हीबर्ट यांच्या पुस्तकामुळे जगभर परिचित झाली. परंतु आजच्या सहयोगविषयक चर्चेचा खरा वैचारिक आधार म्हणजे जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचे १९९१ मधील 'सिच्युएटेड लर्निंग' हे छोटेखानी पुस्तक होय. शिकणे म्हणजे एखाद्या कार्यसमुदायाच्या कडेपासून हळूहळू त्याच्या मध्याकडे सरकणे, असे त्यांनी मांडले आणि 'कार्यसमुदाय' ही संकल्पना शिक्षक-शिक्षणात रूढ झाली.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. हा सिद्धान्त शाळेच्या वर्गातून आलेला नाही. लेव्ह यांनी लायबेरियातील शिंप्यांच्या उमेदवारांचा अभ्यास केला होता. तेथे उमेदवार प्रथम गुंड्या लावणे, दुमड घालणे अशी शेवटची कामे शिकतो, नंतर शिवण आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. म्हणजे उत्पादनाच्या नेमक्या उलट क्रमाने. चूक झाली तर कापड वाया जाऊ नये, हे त्यामागील व्यवहारज्ञान. युकातानमधील सुईणी, अमेरिकन नौदलातील दिशादर्शक, बाजारातील मांस कापणारे कामगार हे या पुस्तकातील आणखी नमुने. म्हणजे हातकाम करणाऱ्यांच्या शिकण्यातून जन्मलेला हा सिद्धान्त आधी विद्यापीठात गेला, तेथून शालेय शिक्षकांच्या प्रशिक्षणात आला आणि आता पडद्यावरील सरकत्या चित्रांच्या रूपाने पुन्हा शिवणकामाच्या निदेशिकेपुढे 'नवीन संकल्पना' म्हणून मांडला जात आहे. तिच्या मावशीने तिला ज्या क्रमाने शिवण शिकविली, तो क्रम तिला विचारण्याचे कोणास सुचत नाही!

याच पुस्तकातील मांसकामगारांचे उदाहरण आपल्याकडे फारसे उद्धृत होत नाही; वास्तविक आपल्याला तेच अधिक उपयोगी आहे. मोठ्या बाजारात उमेदवारांना वेष्टन बांधण्याच्या यंत्रावर बसविले जाई आणि जागेची मांडणी अशी होती, की तेथून कसबी कामगार मांस कसे कापतात हे त्यांना दिसतच नसे. समुदाय होता, कौशल्य होते, शिकण्याची इच्छाही होती. नजर पोहोचत नव्हती. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या इमारती डोळ्यांपुढे आणाव्यात. जोडारीची कार्यशाळा एका पत्र्याच्या छपराखाली, कातारीची दुसऱ्या, संधाता तर ठिणग्या आणि धुरामुळे आणखी दूर. एका निदेशकाने दुसऱ्याला निदर्शन देताना वर्षानुवर्षे पाहिलेले नसते. शाळेतील दोन शिक्षकांच्या वर्गांमध्ये निदान एक सामाईक भिंत असते.

शेगड्याची उंची

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी उपस्थित राहण्याचा योग आला. परीक्षक म्हणून दुसऱ्या तालुक्यातील संस्थेचे निदेशक आले होते. प्रशिक्षणार्थ्यांनी कानशीने घासून तयार केलेले लोखंडी तुकडे टेबलावर मांडलेले होते. परीक्षक एकेक तुकडा उचलत, त्यावर गुण्या टेकवीत आणि उजेडाकडे धरून कडेखालून प्रकाश कोठे दिसतो ते पाहत. पाच-सहा तुकड्यांमध्ये एकच दोष निघाला : पृष्ठभाग मध्ये फुगीर आणि कडांना उतरता. स्थानिक निदेशक काहीसे ओशाळून म्हणाले, "कितीदा सांगितलं सर, हात सरळ ठेवा म्हणून, पण पोरं ऐकत नाहीत." परीक्षकांनी ते तुकडे कोणाचे आहेत ते विचारले, त्या मुलांना समोर उभे केले आणि म्हणाले, "यांचे हात नका बघू, उंची बघा." ती सगळी मुले ठेंगणी होती. शेगड्याच्या जबड्याची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराच्या पातळीत यावी, हा जोडारीकामातील प्राथमिक नियम. शेगडा त्याहून उंच राहिला की कानस सपाट न जाता झुलते आणि कडा अधिक खातात. दोन्ही निदेशकांना नियम पाठ होता. परंतु शेगडे बाकाला कायमचे जखडलेले आणि मुले दरवर्षी वेगळी. "आम्ही पायाखाली फळ्या देतो," पाहुणे निदेशक म्हणाले, आणि फळीची जाडी त्यांनी बोटांनी दाखविली.

हा संवाद जेमतेम दहा मिनिटांचा. यात जे घडले त्याला सहयोगी व्यावसायिक विकासाची सर्व लक्षणे लागू पडतात. समोर एक प्रत्यक्ष वस्तू आहे. तिच्यातील दोष दोघांनाही दिसतो, मोजता येतो, त्यावर मतभेदास फारसा वाव नाही. एकाने दोषाचे कारण मुलाच्या वृत्तीत शोधले, दुसऱ्याने मुलाच्या शरीराच्या आणि साधनाच्या संबंधात. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेले दोन व्यवसाय, जोडारी आणि अध्यापन, येथे वेगळे काढता येत नाहीत; फळी हा जोडारीकामाचाही उपाय आहे आणि अध्यापनाचाही. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान आणि अध्यापनज्ञान यांच्या संयोगातून बनणाऱ्या शिक्षकाच्या खास ज्ञानाची जी कल्पना मांडली, तिचे याहून नेमके उदाहरण प्रस्तुत लेखकास पुस्तकांत क्वचितच आढळले. मात्र या दहा मिनिटांची कोठेही नोंद झाली नाही. परीक्षेच्या गुणतक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. त्याच वर्षी त्या स्थानिक निदेशकांनी शासकीय प्रशिक्षण घेतले होते. त्याचे प्रमाणपत्र मात्र त्यांच्या सेवापुस्तकात नोंदले गेले.

नियमात दडलेली जोडी

आपल्या व्यवस्थेत सहयोगाची तरतूदच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय अभ्यासक्रमातील निदेशकांच्या पात्रतेचा नियम पाहावा. अनेक व्यवसायांसाठी असे विहित आहे, की दोन तुकड्यांमागे आवश्यक असलेल्या दोन निदेशकांपैकी एक पदवी किंवा पदविकाधारक असावा आणि दुसरा त्या व्यवसायाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविलेला, म्हणजे हाताने काम करून वर आलेला असावा. अनुभवाची अटही त्यानुसार बदलते : पदवीधरास एक वर्ष, पदविकाधारकास दोन, प्रमाणपत्रधारकास तीन वर्षे. या नियमामागे एक शहाणपण आहे. शास्त्र जाणणारा आणि हात जाणणारा यांची जोडी असावी, म्हणजे प्रशिक्षणार्थ्यास दोन्ही मिळेल, आणि त्या दोघांनाही एकमेकांकडून मिळेल. ज्या समाजात कारागिरी बलुत्याला आणि विद्या पोथीला बांधलेली होती, तेथे एकाच बाकावर या दोघांना उभे करणारा नियम लहान मानता येणार नाही.

परंतु व्यवहारात हा नियम भरतीची अट म्हणून वाचला जातो आणि तेथेच संपतो. जेथे तुकड्या दोन पाळ्यांत चालतात, तेथे एक निदेशक येतो तेव्हा दुसरा निघालेला असतो. भेट होते ती हत्यारपेटीच्या किल्ल्या देताघेताना. शिवाय दोघांमध्ये वेतनाची, सेवाज्येष्ठतेची आणि पदोन्नतीची अदृश्य रेघ असतेच. ज्याला चार लोकांत 'डिप्लोमावाला' म्हणतात आणि ज्याला 'आयटीआयवाला' म्हणतात, त्यांनी एकमेकांचे निदर्शन पाहून मोकळेपणाने दोष दाखवावेत, अशी अपेक्षा केवळ परिपत्रकाने पूर्ण होत नाही.

अभ्यासक्रमाच्या मांडणीचाही यात वाटा आहे. कातारीच्या प्रशिक्षणार्थ्यास निमुळता दंड कातावयाचा असेल तर दोन व्यासांतील फरक आणि लांबी यांवरून कोन काढावा लागतो; म्हणजे त्रिकोणमिती लागते. ही त्रिकोणमिती कार्यशाळा गणिताचा निदेशक शिकवितो, त्याच्या वेळापत्रकाने. लेथवर निमुळता दंड येतो तो कातारीच्या निदेशकाच्या वेळापत्रकाने. दोहोंत दोन महिन्यांचे अंतर पडले तर मुलगा लेथवर आकडा विचारून घेतो आणि गणिताच्या तासाला सूत्र पाठ करतो. जर्मनीत १९९६ मध्ये व्यवसाय शाळांच्या अभ्यासक्रमाची रचना विषयांऐवजी 'अध्ययनक्षेत्रां'नुसार करण्याचा निर्णय झाला. प्रत्यक्ष कामाचा एक पूर्ण टप्पा हे एक क्षेत्र, आणि त्यात लागणारे गणित, शास्त्र, रेखाटन सारे त्याच्याच पोटात. तेथील शिक्षकांनी या बदलाविषयी बरीच कुरकुर केली, कारण एकट्याने पाठ तयार करणे अशक्य झाले. ही कुरकुर फार बोलकी आहे. सहयोग हे तेथे मूल्य म्हणून शिकविले गेले नाही. कामच असे दिले गेले, की ते एकट्याने होणारे नव्हते.

असे काम आपल्याकडे झालेच नाही असे नव्हे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे विभाग एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात आणि गावाला लागणारी प्रत्यक्ष कामे करून दिली जातात. गावातील कारागीर तेथे निदेशक होऊ शकतो. वस्तू गावात वापरली जाणार असल्याने तिच्यातील दोष शिक्षकांपैकी कोणासही झाकता येत नाही. हा प्रयोग राज्यातील अनेक शाळांपर्यंत पोहोचला. मात्र त्यातून कौशल्यांची यादी जितक्या सहजपणे उचलली गेली, तितक्या सहजपणे शिक्षकांच्या परस्परसंबंधांची रीत उचलली गेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तुंबा आणि आरे

शासकीय योजनांत सहयोगाचे चित्र बहुधा वरून काढले जाते. २००७-०८ मध्ये देशातील १३९६ शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची सार्वजनिक-खासगी भागीदारीतून दर्जावाढ करण्याची योजना आली. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीस अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि समितीचे अध्यक्षपद उद्योगाच्या प्रतिनिधीकडे, अशी तिची रचना होती. उद्योग आणि संस्था यांचा सहयोग असा समितीच्या टेबलाशी कल्पिला गेला. कारखान्यातील कसबी कामगार आणि संस्थेतील निदेशक यांनी एका यंत्रापाशी उभे राहावे, याची तजवीज त्या रचनेच्या केंद्रस्थानी नव्हती. पैशातून यंत्रे आली. यंत्रांविषयी बोलण्याची वेळ आली नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने साठ हजार कोटी रुपयांची नवी दर्जावाढ योजना मंजूर केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती 'पीएम-सेतू' या नावाने सुरू झाली. एक हजार शासकीय संस्था, त्यांपैकी दोनशे मध्यवर्ती आणि आठशे त्यांना जोडलेल्या, अशी तिची आखणी आहे. पन्नास हजार प्रशिक्षकांना सेवापूर्व व सेवांतर्गत प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्टही आहे. रकमेचा आणि उद्दिष्टाचा आकार पाहता योजनेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तिचे प्रतिरूप चाकाचे आहे, तेव्हा चाकाच्याच भाषेत बोलावे. बैलगाडीच्या चाकात तुंबा असतो, तुंब्यातून आरे निघतात. पण आऱ्यांची दुसरी टोके परिघाशी बांधलेली नसतील आणि त्यावर लोखंडी धाव चढविलेली नसेल, तर त्याला कोणी चाक म्हणत नाही. मध्यवर्ती संस्थेतून जोडलेल्या संस्थेकडे ज्ञान जाईल, हे योजनेत दिसते. जोडलेल्या चार संस्थांतील चार जोडारी निदेशक परस्परांना कधी भेटतील, आणि शेगड्याच्या उंचीसारखी गोष्ट एका टोकाकडून तुंब्याकडे कशी जाईल, हा प्रश्न योजनेला आताच विचारला पाहिजे.

शालेय शिक्षणात महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकांना केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद तरी आहे. तिचा दर्जा सर्वत्र सारखा नाही, अनेक ठिकाणी ती माहिती भरून देण्याची बैठक होते, तरीही दहा शाळांचे शिक्षक एका छपराखाली बसतात. शाळेतील व्यवसाय विषयाच्या प्रशिक्षकाचे तेवढेही भाग्य नसते. त्या शाळेत त्याचा विषय शिकविणारा तो एकटाच असतो आणि पुष्कळदा त्याची नेमणूक बाह्य संस्थेमार्फत, मुदतीच्या करारावर झालेली असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकास वर्षाला किमान पन्नास तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असे म्हटले आहे आणि शाळासंकुलांची कल्पना पुन्हा मांडली आहे. पन्नास तास ही चांगली सुरुवात होय. पण हे तास कोणाशी, कोणत्या वस्तूसमोर घालवावयाचे, हे ठरले नाही तर अँडी हारग्रीव्ह्ज यांनी १९९४ मध्ये ज्याला 'घडवून आणलेली सहकारिता' म्हटले, तिचाच आपल्याकडे एक कागदी अवतार निघेल : बैठकीचे छायाचित्र, उपस्थितीपत्रक आणि अहवाल.

सहयोगाचे धोकेही नाकारता येत नाहीत. एकाच पिढीचे, एकाच प्रकारच्या जुन्या यंत्रांवर शिकलेले निदेशक एकत्र बसले तर ते परस्परांच्या जुन्या सवयीच पक्क्या करतील, ही शंका रास्त आहे. विद्युत वाहनांची दुरुस्ती चार यांत्रिक निदेशकांच्या आपसातील चर्चेतून येणार नाही. तेथे बाहेरचा माणूस हवा. फिनलंडमध्ये व्यवसाय शिक्षकांनी ठरावीक काळ पुन्हा प्रत्यक्ष उद्योगात जाऊन काम करण्याची पद्धती आहे. आपल्याकडेही निदेशकांना उद्योगात पाठविले जाते. परंतु परतल्यावर त्याने जे पाहिले ते कोणाला सांगायचे, याची सोय नसेल, तर तो अनुभव पुन्हा एकट्याच्याच दैनंदिनीत जातो.

करारावरील प्रशिक्षकाचा प्रश्न मात्र यांपैकी कोणत्याही उपायाने सुटत नाही. आपले ज्ञान दुसऱ्याला देताना त्याला आपली जागा आपण स्वतःच धोक्यात घालीत नाही ना, असे वाटल्यास त्यात त्याचा दोष नाही. सहयोगाच्या साहित्यात विश्वास हा मानसशास्त्रीय गुण म्हणून येतो; येथे तो सेवाशर्तींचा भाग आहे. पुढील वर्षी आपण याच शाळेत असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने शेजारच्या शाळेतील प्रशिक्षकासमवेत दोन वर्षांचा सामाईक पाठक्रम आखावा, असे म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या नियुक्तिपत्राची मुदत वाचावी.

तूर्त एवढे करता येण्यासारखे आहे. ज्या संस्थेत पात्रतेच्या नियमाने जोडी आधीच नेमलेली आहे, तेथे आठवड्यातून एक दिवस दोन्ही पाळ्यांच्या मधला एक तास दोघांच्या नावाने वेळापत्रकात छापावा आणि त्या तासाला प्रशिक्षणार्थ्यांचे फसलेले तुकडे टेबलावर ठेवावेत. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरचा निदेशक येतो त्याच दिवशी गुणदानानंतरचा अर्धा तास त्यासाठी राखावा; प्रवासभत्ता तर त्याला दिलेलाच असतो. या प्रस्तावावर एका प्राचार्यांनी प्रस्तुत लेखकास विचारले, की तो तास कार्यभारात धरावयाचा की नाही? धरला तर अध्यापनाचा एक तास कमी भरतो आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. न धरला तर कोणी थांबत नाही.